बाईंच्या गाडीतला लाल दिवा

वायरमनच्या दुकानावर पाटी नव्हती. एकतीस वर्षांत त्याला तिची गरज भासली नव्हती. मोठ्या रस्त्यावरून आत वळणाऱ्याला लांबूनच एखाद्या इंजिनाची आरोळी ऐकू यायची, आणि तेवढ्यानं त्याचं काम भागायचं. गाडी दारात आली की तो आधी मालकाला खाली उतरवायचा. मग स्वतः आत बसून चावी फिरवायचा आणि पाय असा दाबायचा की समोरच्या काचा थरथरायच्या, छपरावरची कबुतरं उडायची आणि शेजारच्या सलूनवाल्याला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापासून हातभर लांब न्यावा लागायचा.

"इंजिनाला ओरडायला लावलं की ते खरं बोलतं," तो म्हणायचा. "हळू बोलणारं इंजिन काहीतरी लपवतंय समजायचं."

माणसांबद्दलही त्याचं साधारण हेच मत होतं.

गाडीतलं विजेचं जे काही असेल, दिवे, भोंगा, वायरी, अल्टरनेटर, ते सगळं त्याच्या अखत्यारीत. माणूस अंगानं काटकुळा, बोटं काळी, आणि त्या बोटांना कितीही धुतलं तरी तांब्याचा वास. स्वतःच्या कामाचा अभिमान मात्र अंगापेक्षा दुप्पट. माझ्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, हे त्याचं वाक्य सगळ्या पेठेला पाठ होतं. ते बरंचसं खरंही होतं. ज्या दोन-चार गाड्या परत यायच्या, त्यांच्या दुखण्याला तो नवं नाव द्यायचा. मग ते तेच दुखणं राहायचं नाही.

या वाक्यावर सर्वांत जास्त विश्वास त्याच्या बायकोचा होता. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. स्वयंपाक करता करता ती पुढचा आवाज ऐकायची आणि आवाज थांबला की मान हलवायची, म्हणजे सापडलं. नातेवाइकांत कुणाचा पंखा बंद पडो, कुणाचा पंप बिघडो, ती म्हणायची, "यांना विचारा. यांचं निदान चुकत नाही." एकदा तर पुतण्याच्या पोटदुखीसाठीही तिनं त्यालाच पुढं केलं होतं. आणि त्यानंही मुलाच्या पोटाला कान लावून निदान सांगितलं होतं.

रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, तिच्या धाकट्या भावाचं बॅटरीचं दुकान होतं. वर भावाचं घर, आणि घराच्या गॅलरीत खुर्चीवर तिची आई. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे जिना उतरणं बंद. लेक रोज दुपारी भांडी आवरली की रस्ता ओलांडायची. वीस पावलांवर माहेर असलेली बाई त्या पेठेत दुसरी नव्हती, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

या वीस पावलांच्या मधोमध एक दिवस बाईंची गाडी येऊन उभी राहिली.

बाई म्हणजे शाळेतल्या शास्त्राच्या बाई, आता निवृत्त. निम्म्या पेठेनं त्यांच्या हातची पट्टी खाल्लेली. वायरमनला तर त्यांनी 'वीज' या धड्यावर शंभरपैकी अकरा गुण दिले होते. त्यांची गाडी सायीच्या रंगाची, पंचवीस-तीस वर्षांची, पण जपून वापरलेली. बाई ती चालवायच्या तशी फक्त बाईच चालवू शकत. कडेनं, सरळ पाठीनं, आणि इतकी हळू, की सायकलवाले त्यांना घंटी वाजवून पुढं जायचे.

"अरे, हा दिवा बघ," बाई म्हणाल्या. "समोरचा, बॅटरीचं चित्र असलेला. चौकात थांबले की मिणमिण पेटतो. पुढं निघाले की विझतो. मला वाटतं, आता बंद पडेल, मग बंद पडेल. जीव टांगणीला लागतो माझा."

वायरमननं नेहमीप्रमाणे त्यांना उतरवलं, आत बसला, पाय दाबला. दिवा विझला. पाय काढला, दिवा मिणमिणला. जुनी गाडी, संथ चाल. इंजिन हळू फिरतं तेव्हा अल्टरनेटर वीज थोडी कमी बनवतो, एवढंच. त्यात काही बिघाड नव्हता.

"दुर्लक्ष करा, बाई."

"वर्गात कुणी माझ्याकडे टक लावून बघत बसलं तर मी दुर्लक्ष करत असे का?"

ज्या बाईंनी अकरा गुण दिले, त्या आज त्याच्या दारात उभ्या राहून विजेबद्दल विचारत होत्या. असा दिवस माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो. त्याला तो नुसत्या 'दुर्लक्ष करा'वर संपवायचा नव्हता. त्यानं स्टिअरिंगपुढची दिव्यांची पट्टी सैल केली, दोन बोटं आत घातली आणि बोराच्या बीएवढा बल्ब काढून खिशात टाकला.

"घ्या. गेला दिवा."

"इतकं सोपं होतं?"

"ज्याला कळतं त्याला," वायरमन म्हणाला.

दहा दिवसांनी बाईंची गाडी सकाळी चालूच होईना. बॅटरी पार रिकामी. बॅटरी होती मेहुण्याच्या दुकानातली, नवीकोरी, दोन महिन्यांची. वायरमननं ती भरून घेतली, गाडीत बसला, पाय दाबला आणि मीटर लावलं. चौदा व्होल्ट! अल्टरनेटर ठणठणीत. म्हणजे वीज नीट बनतेय, बॅटरीत पोचतेय, तरी बॅटरी मरतेय. दोष कुणाचा, हे सांगायला आता निदानसुद्धा नको.

मेहुण्यानं लगेच बॅटरी बदलून दिली. ती बाराव्या दिवशी मेली.

तेव्हा जे झालं ते भर बाजाराच्या वेळेला झालं. वायरमन बॅटरी उचलून रस्ता ओलांडून गेला आणि ती मेहुण्याच्या काउंटरवर आदळली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

"जुन्या बॅटऱ्या रंगवून विकायला लागलास का रे?"

"भावोजी, जीभ आवरा. बॅटरीत काही नाही. गाडी बघा आधी."

"गाडी मी बघितली. एकतीस वर्षं बघतोय. तू अजून डबे उचलायला शिकतोयस."

चारातली दोन गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरली. आवाज ऐकून वायरमनची बायको बाहेर आली होती. भाऊ तिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, तू तरी सांग यांना."

ती म्हणाली, "मी काय सांगू? यांचं निदान चुकत नाही."

तिनं हे नेहमीच्याच आवाजात म्हटलं होतं. पण भावाचा चेहरा उतरला. "म्हणजे मी चोर," तो म्हणाला. "मग चोराच्या घरी येऊ नकोस." तीही त्याचीच बहीण. वळली आणि आत गेली, ती चार महिने त्या बाजूला गेली नाही. दुपारी भांडी आवरून खिडकीशी बसायची. पलीकडे गॅलरीत आई बसायची. मधून टेम्पो, सायकली, हातगाड्या जायच्या.

तिसरी बॅटरी वायरमननं दुसऱ्या गावाहून मागवली. नेमक्या त्याच आठवड्यात बाई लेकीकडं राहायला गेल्या आणि गाडी त्याच्यावर सोपवून गेल्या. तो दर रविवारी ती बाहेर काढायचा, मोठ्या रस्त्यावर पिटाळायचा, आणि परत येताना मुद्दाम मेहुण्याच्या दारात थांबवून पुन्हा चालू करून दाखवायचा. एका झटक्यात चालू! सलूनवाल्याकडं बघून म्हणायचा, "याला म्हणतात बॅटरी." तीन महिने हे चाललं. मेहुण्याचं गिऱ्हाईक तोवर बरंच आटलं.

मग बाई परत आल्या, आणि नवव्या दिवशी त्यांचा निरोप आला. गाडी बंद.

तो निरोप ऐकून वायरमन दुकानातल्या स्टुलावर खाली बसला. दुसऱ्या गावची बॅटरी, दुसऱ्याचा माल. तीही तशीच मेली. आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर जगातले सगळे बॅटरीवाले रंगवलेला माल विकत होते, नाहीतर मेहुणा चार महिने खरं बोलत होता. पहिली गोष्ट खरी मानायचा त्यानं दिवसभर प्रयत्न करून पाहिला.

दोन दिवस तो त्या गाडीशी झुंजला. पट्टा बदलला, अल्टरनेटर उतरवून ब्रश बघितले, एकेक वायर बोटांनी चाचपली. दर वेळी आत बसायचा, पाय दाबायचा, मीटर बघायचा. चौदा, चौदा, चौदा. गाडी त्याच्यापुढं वर्गातल्या शहाण्या मुलासारखी वागत होती.

तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अरे, बंद पडते माझ्या हाताखाली, आणि तपासतोस तू तुझ्या हाताखाली. ही कुठली पद्धत?"

"म्हणजे?"

"म्हणजे सरक तिकडे. मी चालवते, तू बघ."

एकतीस वर्षांत वायरमन मालकाच्या शेजारी कधी बसला नव्हता. त्यानं मीटरच्या वायरी बॅटरीपासून खिडकीतून आत ओढून घेतल्या, मीटर मांडीवर ठेवलं आणि अंग चोरून बसला. बाईंनी आरसा नीट केला, काच पुसली, मागं बघितलं, पुन्हा मागं बघितलं आणि गाडी सोडली. इंजिन कुजबुजत होतं. बाईंचा पाय पेडलवर होता असं म्हणण्यापेक्षा पेडलच्या बाजूला होता.

मीटर म्हणालं, बारा पूर्णांक चार. पोस्टाशी आले तेव्हा बारा पूर्णांक तीन. बाईंना उन्हातही दिवे लावायची सवय, त्यांनी ते लावले. अकरा पूर्णांक नऊ. वायरमननं मीटरला टिचकी मारली, मग वायर हलवली. आकडा खालीच जात राहिला. म्हणजे वीज बनतच नव्हती. चालत्या गाडीत अल्टरनेटर फिरत होता आणि शांत झोपला होता.

"बाई, जरा दाबा की."

"पुढं शाळा आहे."

"शाळा सुटलीय, बाई."

"शाळा कधी सुटत नसते," बाई म्हणाल्या आणि आणखी हळू झाल्या.

शाळेच्या पुढं पुलाचा चढ लागतो. तिथं बाईंचाही इलाज नव्हता. मागून ट्रकचा भोंगा, पुढं चढ. बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि पाय दाबला. इंजिन ओरडलं, आणि वायरमनच्या मांडीवर आकडा उडी मारून उठला. चौदा पूर्णांक एक. चढ उतरून बाई पुन्हा हळू झाल्या, तरी आकडा तिथंच राहिला.

"थांबवा," तो म्हणाला. "बंद करा. आता नुसती चावी फिरवा, चालू करू नका."

बाईंनी चावी फिरवली. समोरच्या पट्टीवर तेलाचा दिवा लागला, हातब्रेकचा लागला. बॅटरीच्या चित्राच्या जागी मात्र काळोख होता. त्या काळोखाकडं वायरमन बराच वेळ बघत राहिला.

असल्या जुन्या गाडीत अल्टरनेटर आपोआप जागा होत नाही. त्याला सुरुवातीला घोटभर उसनी वीज लागते. ती बॅटरीकडून निघते आणि वाटेत त्या लाल दिव्यातून जाते. बल्ब काढला की वाटच तुटली. मग अल्टरनेटरला हाका मारून उठवावं लागतं, म्हणजे इंजिन जोरात पळवावं लागतं. वायरमन जोरात पळवायचा, म्हणून त्याच्यापुढं तो दर वेळी उठून बसायचा. बाई जन्मात जोरात पळवायच्या नाहीत, म्हणून बाईंच्या गाडीत तो रोज झोपून राहायचा. हे सगळं त्याला ठाऊक होतं. कुणी विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं. बाईंच्या धड्यात नव्हतं, तेवढंच.

दुकानात आल्यावर त्यानं डब्यातून एक बल्ब काढून बसवला. बाईंनी गाडी चालू केली, पायही न दाबता. चौदा.

"काय होतं रे?"

"वायर सैल होती," वायरमन म्हणाला.

"शाबास," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांनी त्याला पूर्वी कधी दिला नव्हता.

त्याला खरंतर आता काहीच करायचं नव्हतं. गाडी बरी झाली होती. बाई खूश होत्या. दिवा लागलेला त्यांनी पाहिला होता, पण वायरमनला शाबासकी दिल्यावर त्याबद्दल तक्रार करणं त्यांना बरं वाटलं नसावं. जगात एकाच माणसाला खरं ठाऊक होतं, आणि तो हात धुऊन जेवायला बसला.

बायकोनं वाढलं आणि ती खिडकीकडं बघत म्हणाली, "आई तीन दिवस गॅलरीत दिसली नाही."

"ऊन असेल."

"ऊन चार महिने होतं." थोड्या वेळानं ती म्हणाली, "डॉक्टर येऊन गेला म्हणे काल. सलूनवाला सांगत होता."

"मग जाऊन बघायचं."

"कुठं? तुम्हीच म्हणालात ना, जुना माल रंगवून विकतो. माझा भाऊ असं करत असेल तर मला त्या घरात पाऊल टाकायची लाज वाटते. आणि करत नसेल..." ती हसली. "पण करत नसेल असं कसं होईल? तुमचं निदान."

वायरमनचा घास हातातच राहिला. चिडून बोलली असती तर त्यानं आवाज चढवला असता. पण ती चिडली नव्हती. आईला बघायला जीव तुटत असताना ती वीस पावलं अलीकडं बसून होती, ती केवळ त्याच्या शब्दावर. तो ताटावरून उठला आणि सरळ रस्ता ओलांडून गेला.

मेहुणा हिशेबाच्या नावाखाली डुलक्या काढत होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सलूनवाला मात्र वर्तमानपत्र मागायच्या निमित्तानं लगेच मागोमाग आला.

"तुझ्या बॅटऱ्या चांगल्या होत्या," वायरमन म्हणाला. "दोष गाडीत होता. तो मीच केला होता. बल्ब काढला होता मी."

मेहुण्यानं त्याच्याकडं नीट बघितलं. "कसला बल्ब?"

"समोरच्या पट्टीतला. लाल."

"दिव्यानं बॅटरी मरते?"

"दिव्यानं नाही. दिवा नसल्यानं."

मेहुणा कडू हसला. सलूनवाल्याच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळलं. "वा," तो म्हणाला, "याला म्हणतात मोठं मन. सासूबाई आजारी, म्हणून स्वतःवर घेतलं बघा. कुणी केलं असतं?"

"मी स्वतःवर घेत नाहीये, ते माझंच आहे!"

"बघा, बघा," सलूनवाला म्हणाला.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "चार महिने चोर म्हणालात, ते सोसलं. आता उपकार करायला आलात, ते नाही सोसणार. नखाएवढ्या दिव्याची गोष्ट सांगून मला पदरात घेताय? जा. लोक आता म्हणतील, बॅटरी वाईटच होती, पण भावोजी देवमाणूस."

तसंच झालं. संध्याकाळपर्यंत पेठेत वायरमनची कीर्ती आणखी वाढली. दोन माणसं मुद्दाम येऊन त्याचा हात हातात घेऊन गेली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यानं चूक कबूल केली होती, आणि कुणीही ती त्याला ठेवू देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंच्या घरी गेला. "बाई, वायर सैल नव्हती. मी खोटं बोललो." मग सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "दिवा डोळ्यांपुढं नको, असं मीच म्हणाले होते."

"तुम्ही म्हणालात. काढायचा नाही, हे मला कळायला हवं होतं."

"हं," बाई म्हणाल्या. "मग नुसतं सांगून काय होतंय? प्रयोग करून दाखवायला हवा."

दहा वाजता बाईंची गाडी बॅटरीच्या दुकानापुढं उभी राहिली. वायरमननं सगळ्यांसमोर बल्ब काढून हातावर ठेवला. मेहुण्याला बाईंनी खिडकीतून बोट वाकवून बोलावलं, तसा तो मुकाट्यानं मीटर मांडीवर घेऊन शेजारी बसला. त्यालाही शाळेत त्याच होत्या. गाडी पोस्टाच्या दिशेनं निघाली आणि परत यायला तिला अर्धा तास लागला. तेवढा वेळ वायरमन रस्त्याच्या मधोमध बल्ब हातात धरून उभा होता. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती.

मेहुणा उतरला. मीटर त्यानं सलूनवाल्याच्या नाकासमोर धरलं. "अकरा पूर्णांक आठ." मग वायरमननं बल्ब बसवला आणि बाईंनी पुन्हा चावी फिरवली. "चौदा," मेहुणा म्हणाला. तो आकडा त्यानं तीनदा वाचला.

"म्हणजे," सलूनवाला हळूच म्हणाला, "हे खरंच यांचं..."

"हो," वायरमन म्हणाला. "मूर्खपणा. माझाच."

यावर कुणी वा म्हणालं नाही. बाईंनी काच वर केली आणि त्या कडेकडेनं निघून गेल्या.

बायको रस्ता ओलांडून आली. त्याच्यासमोर क्षणभर थांबली. त्याला वाटलं, आता बोलेल, बरं होईल. "भात गॅसवर आहे. तेवढा बंद करा," ती म्हणाली, आणि भावाच्या जिन्यानं वर गेली. वर दार उघडल्याचा आवाज आला, मग दोन बायका एकदमच बोलू लागल्या. त्यातल्या एकीचा आवाज तापानं बसलेला होता, पण थांबत तीही नव्हती.

भात त्यानं बंद केला, पण उशिरा.

दुपार टळल्यावर मेहुणा रस्त्याच्या पलीकडून हाक मारू लागला. चार महिन्यांनी त्यानं हाक मारली होती. "भावोजी! ताई इथंच राहतेय चार-सहा दिवस. आईपाशी झोपेन म्हणते. आमच्यात गादी कमी पडतेय. तुमच्याकडची द्या एक."

वायरमननं पलंगावरची गादी गुंडाळली, डोक्यावर घेतली आणि रस्ता ओलांडला. सलूनवाल्यानं कात्री थांबवली, गिऱ्हाइकानं मान वळवली. जिना अरुंद होता. अर्ध्यावर, वळणाशी, गादी उलगडली आणि भिंतींच्या मधे पक्की अडकली.

"आडवी करा," खालून मेहुणा म्हणाला.

"आडवीच आहे."

"मग उभी करा."

"तू सांगू नकोस, मला कळतंय."

हे तोंडातून गेलं आणि वायरमन तसाच थांबला. मग खालचं टोक कुणीतरी उचललं, आणि वरचा भार हलका झाला.

"बरं," वायरमन म्हणाला, "सांग. कशी करू?"